दरड, दलदल आणि झाडावरचं कासव: इंग्रजी राजकारणाची बोली पोर्तुगीजमध्ये नेताना

ओवी_डिचोली

नमस्कार मंडळी,

मी इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये भाषांतरं करते. सध्या हातात अमेरिकेच्या निवडणुका आणि संसदेवरची एक माहितीपुस्तिका आहे. तिच्या दोन आवृत्त्या करायच्या आहेत, एक ब्राझीलसाठी आणि एक पोर्तुगालसाठी. व्याकरण, कायद्याच्या संज्ञा, आकडे यांचा त्रास नाही. त्रास होतो तो राजकारणातल्या चित्रमय शब्दांचा.

पहिल्या मसुद्यात 'लँडस्लाइड' विजयाला मी मतांची दरड कोसळली अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. रंगतदार वाटलं होतं. ब्राझीलच्या मजकूर तपासणाऱ्या बाईंनी तो शब्द खोडला आणि शेजारी फक्त दोन सालं लिहिली, 2011 आणि 2022. मी शोधलं तेव्हा कळलं. 2011च्या जानेवारीत रिओ राज्यातल्या डोंगराळ भागात पूर आणि दरडींनी 900हून जास्त माणसं गेली. 2022च्या फेब्रुवारीत पेत्रोपोलिसमध्ये पुन्हा 200च्या वर. त्या वाचकांसमोर मी विजयाला दरड म्हणत होते. दिवसभर मन लागलं नाही.

आता तीन शब्दांवर गाडी अडली आहे:

'ड्रेन द स्वॉम्प', म्हणजे राजधानीची दलदल उपसून काढू.
'व्हिप'.
'रायडर', म्हणजे मूळ विषयाशी संबंध नसलेलं कलम दुसऱ्याच विधेयकाच्या पाठीवर बसवून मंजूर करून घेणं. पुस्तिकेत उदाहरण आहे 1976 पासून दरवर्षी खर्चाच्या विधेयकाला जोडल्या जाणाऱ्या हाइड दुरुस्तीचं, म्हणजे गर्भपातासाठी सरकारी पैसा वापरण्यावर बंधन घालणाऱ्या कलमाचं.

चित्र जपायचं की अर्थ? तुमचे अनुभव सांगा. पोर्तुगीज येत नसेल तरी लिहा, मराठीतले दाखलेही मला उपयोगी पडतील.

खाचरातला_बगळा

पोर्तुगीज येत नाही, पण दरडीबद्दल लिहितो. मी महाडकडचा. 2021 साली तळीयेवर दरड आली त्यानंतर आमच्या भागात कोणी 'मतांची दरड' असं लिहिलं असतं तर लोकांनी पेपर फाडला असता. मराठीत 'दणदणीत विजय', 'धुव्वा उडवला' असले शब्द आहेत ते बरे आहेत. तुमच्या त्या तपासणाऱ्या बाईंना माझा नमस्कार.

कँपिनासकर

ओवीताई, मी आठ वर्षं ब्राझीलमध्ये आहे. विजयासाठी 'व्हितोरिया एज्मागादोरा', म्हणजे चिरडून टाकणारा विजय, हे दोन्ही देशांत चालेल. ब्राझीलमध्ये बोलताना 'दे लावादा' जिंकला म्हणतात. लावादा म्हणजे धुणं. आपण 'धुऊन काढलं' म्हणतो ना, अगदी तेच! पण ते फुटबॉलच्या मैदानावरचं बोलणं आहे, माहितीपुस्तिकेत शोभणार नाही.

'रायडर'साठी मात्र ब्राझीलमध्ये तयार शब्द आहे, आणि तो मला या देशातला सगळ्यात लाडका शब्द आहे: जाबुती. साओ पावलोकडे उच्चार जाबुची. जाबुती म्हणजे जमिनीवर राहणारं कासव. म्हण अशी, की कासव काही झाडावर चढत नाही. ते फांदीवर दिसलं तर एक तर पूर आला असेल, नाहीतर कोणाच्या तरी हातानं ठेवलं असेल. वीज कंपन्यांच्या विधेयकात अचानक दुसऱ्याच कुठल्या उद्योगाला सवलत देणारं कलम दिसलं की पत्रकार लिहितात, जाबुती सापडला. मग प्रश्न एकच उरतो, ठेवला कोणी? 2015च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारच्या तातडीच्या अध्यादेशांना असंबद्ध कलमं जोडायला मनाई केली. त्या निकालाच्या बातम्यांतही कासव होतंच.

इंग्रजी 'रायडर'मध्ये फक्त दुसऱ्याच्या पाठीवरून फुकट प्रवास आहे. जाबुतीत संशय आहे, आणि तो मूळ शब्दापेक्षा सरस आहे असं माझं मत.

निळी_शाई

झाडावरचं कासव!! आमच्या ग्रामसभेच्या ठरावांत अशी किती कासवं बसलेली असतात ते मोजायला हवं.

जुना_अग्रलेख

मी नागपूरच्या एका दैनिकात तीस वर्षं टेबलावर काढली. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

चित्र बदलू नका. 'रेड टेप'चं आपण 'लालफीत' केलं. कोणा मराठी माणसाच्या घरी फायली बांधायला लाल फीत होती? पण आज 'लालफितीचा कारभार' म्हटलं की शेतकऱ्यालाही कळतं. 'कोल्ड वॉर'चं शीतयुद्ध, 'व्हाइट एलिफंट'चा पांढरा हत्ती, 'कुंपणावर बसणे'. सगळी परकी चित्रं, सगळी रुळली. पोर्तुगीजमध्येही शीतयुद्ध, लोखंडी पडदा, पांढरा हत्ती शब्दशःच गेले असणार. भाषांतरकारानं जर दर वेळी 'आमच्याकडे असं म्हणतात' करत घरचा शब्द लावला तर वाचकाला अमेरिका दिसणारच नाही. वॉशिंग्टनच्या संसदेत ब्राझीलचं कासव कसं चढलं?

कँपिनासकर

@जुना_अग्रलेख, काका, मुद्दा पटला. शीतयुद्ध, लोखंडी पडदा, पांढरा हत्ती तिन्ही शब्दशःच आहेत. 'लेम डक'सुद्धा 'पातु मांकु' म्हणून, म्हणजे लंगडं बदक म्हणून, इथल्या पेपरांत सर्रास दिसतं. पण त्याच्या शेजारी घरचं चित्रही आहे: मुदत संपत आलेल्या सत्ताधाऱ्याला थंड कॉफी मिळते. राष्ट्राध्यक्ष अजून महालात आहे, खुर्चीवर आहे, पण वाढप्याला माहीत आहे की हा जाणार, म्हणून तो कॉफी गरम करायची तसदी घेत नाही. ब्राझीलमध्ये ऑक्टोबरात निवडणूक होते आणि शपथविधी थेट जानेवारीत, त्यामुळे थंड कॉफीचे दोन-अडीच महिने नेमाने येतात.

आता मला सांगा, बदक जास्त बोलतं की कॉफी?

निळी_शाई

कॉफी. आपल्याकडे उगवत्या सूर्याला नमस्कार असतो, त्याची ही उतरती बाजू झाली.

तेजूच्या_काठी

लिस्बनहून लिहिते आहे. ओवी, 'दलदल' पोर्तुगालच्या आवृत्तीत सांभाळून वापर, अगदी कळकळीनं सांगते.

16 डिसेंबर 2001 रोजी इथे स्थानिक निवडणुका झाल्या, सत्ताधारी समाजवादी पक्षाला मोठा फटका बसला. त्याच रात्री पंतप्रधान आंतोनियो गुतेरेश यांनी राजीनामा जाहीर केला. हेच गुतेरेश पुढे 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले. देश राजकीय दलदलीत रुतू नये म्हणून जातो आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता, आणि 'पांतानु', म्हणजे दलदल, हा शब्द त्या रात्रीला कायमचा चिकटला. आज पंचवीस वर्षं होत आली तरी इथल्या राजकीय चर्चेत कोणी 'पांतानु' म्हटलं की चाळिशीपुढच्या माणसाला गुतेरेश आठवतात.

त्यात अर्थही वेगळा. अमेरिकन दलदल म्हणजे भ्रष्ट, लठ्ठ झालेली राजधानी. इथली दलदल म्हणजे पाय अडकणं, बहुमत नसलेलं सरकार, ना पुढे ना मागे. शब्दशः भाषांतर केलंस तर शब्द सगळे बरोबर आणि अर्थ भलताच, असं होईल.

कँपिनासकर

आणि ब्राझीलमध्ये 'पांतानु'तूनच 'पांतानाल' आलं आहे. मातो ग्रोसोकडची ती प्रचंड पाणथळ, जगातली सगळ्यात मोठी. दलदल आटवू म्हणणारा नेता तिथल्या शाळकरी पोरांना पर्यावरणाचा शत्रू वाटेल! तरी पेपर मात्र शब्दशःच छापतात, कारण ती घोषणा आहे.

जुना_अग्रलेख

पाहा, 'कारण ती घोषणा आहे'. माझं म्हणणं हेच. घोषणा ही पुराव्यासारखी असते, तिला हात लावायचा नाही.

ओवी_डिचोली

@तेजूच्या_काठी, ताई, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. शब्दकोशात 'पांतानु'पुढे फक्त दलदल असं लिहिलेलं आहे, तारीख कुठून असणार! खूप आभार.

जुनी_पणजी

ओवी बाय, मी सत्तरीच्या बराच पुढे गेलेला माणूस. 1961 पर्यंत पणजीच्या लिसेवांत शिकत होतो, त्यामुळे पोर्तुगीज कानात बसली आहे, पण ती जुनी.

या चर्चेत एक शब्द आला नाही तो मी आणतो: 'व्हिसलब्लोअर', म्हणजे आतला गैरकारभार बाहेर उघड करणारा. तुझ्या पुस्तिकेत असेलच. त्याला पोर्तुगीजमध्ये काय लिहितेस? 'देनुन्सियांत' लिहिलंस तर कोशाप्रमाणे बरोबर आहे. पण आमच्या वयाच्या माणसाला तो शब्द वाचून पाठीत थंडी भरते. पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझार याच्या काळात पीद नावाचं गुप्त पोलीस खातं होतं, गोव्यातही होतं. आमच्या घरी रात्री जेवताना राजकारणाचा विषय निघाला की आई उठून जनेल लावून घ्यायची. कोण ऐकतो आणि कोण जाऊन सांगतो याची धास्ती. सांगणारा तो 'देनुन्सियांत'. तो सरकारचं पाप लोकांना सांगत नव्हता, लोकांचं बोलणं सरकारला सांगत होता. शिट्टी तीच, तोंड उलट्या दिशेला.

तेजूच्या_काठी

काका, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. इथे त्या खबऱ्यांना बोलीत 'बुफु' म्हणतात, याच शब्दाचा दुसरा अर्थ मोठं घुबड. तो शब्द आजही शिवीसारखाच वापरतात.

कायद्यानं मात्र 'देनुन्सियांत'च ठरवला आहे. 2021चा 93 क्रमांकाचा कायदा त्यांच्याच संरक्षणाचा आहे. म्हणजे एका पिढीला ज्याची भीती होती त्यालाच पुढच्या पिढीनं संरक्षण दिलं, शब्द न बदलता. ओवी, कायद्याचा शब्द म्हणून तुला तोच घ्यावा लागेल. फक्त पहिल्या वेळी वाक्यातच स्पष्ट कर की ही व्यक्ती आपल्याच संस्थेतला गैरकारभार उघड करते.

बैलगाडी_ते_बोईंग

मराठीत याला 'जागल्या' आहे! गावात रात्री पहारा करून लोकांना सावध करणारा. कोणी सुचवला माहीत नाही, पण सुचवणाऱ्याला मानलं पाहिजे. खबऱ्या वेगळा आणि जागल्या वेगळा, हे एका शब्दात कळतं.

जुनी_पणजी

जागल्या. हा शब्द आमच्याकडे असता तर आईला सांगितला असता.

मिरजमळा

अवांतर: काका 'जनेल' म्हणाले. आमच्याकडे मिरजेला कोणी म्हणत नाही, पण गोव्याच्या मावशीकडे ऐकलंय. पोर्तुगीजच ना?

कँपिनासकर

हो, जानेला म्हणजे खिडकी. आणि राजकारणातही आहे! ब्राझीलमध्ये 'जानेला पार्तिदारिया' म्हणजे पक्षाची खिडकी. निवडणुकीच्या वर्षात 30 दिवस अशी मुदत असते की खासदार-आमदारांना पद न गमावता पक्ष बदलता येतो. खिडकी उघडली की उड्या सुरू.

मिरजमळा

आपल्याकडे खिडकीची वाट कोण बघतो, भिंतच नाही. :)

निळी_शाई

आणि घोडेबाजारात लिलाव होतो तो 'लिलाव' पण पोर्तुगीजच, लेइलांव. पगारही त्यांचाच. दोन्ही शब्द एकाच बोटीतून उतरले.

बैलगाडी_ते_बोईंग

'व्हिप' राहिला. मराठीत तर शब्दशःच आहे, प्रतोद. प्रतोद म्हणजे चाबूक, पण आज प्रतोद म्हटलं की विधानभवन दिसतं, चाबूक कोणाला दिसत नाही. मूळ इंग्रजीत तो कोल्ह्याच्या शिकारीतून आला, कुत्र्यांचा कळप एकत्र ठेवणारा माणूस. पोर्तुगीजमध्ये चाबूकच ठेवा की.

कँपिनासकर

ब्राझीलमध्ये चाबूक नको हो. चाबकाला पोर्तुगीजमध्ये 'शिकोत' म्हणतात. गुलामगिरी तिथे 1888च्या 13 मे रोजी संपली, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत सगळ्यात शेवटी. पक्षाच्या माणसाच्या हातात शिकोत दिला तर वाचकाच्या डोळ्यांसमोर विधानभवन येणार नाही, ऊसमळा येईल.

पक्षादेशाला ते 'फेशार केस्तांव' म्हणतात, म्हणजे प्रश्न बंद करणं. पक्षानं प्रश्न बंद केला की सदस्यानं वेगळं मत द्यायचं नाही.

तेजूच्या_काठी

पोर्तुगालमध्ये 'दिसिप्लिना द व्होतु', मतदानाची शिस्त. अगदी कोरडा शब्द, पण नेमका.

जुना_अग्रलेख

इथे मी थोडा मागे सरतो. चाबकाचं जे सांगितलंत ते मी विचारात घेतलं नव्हतं.

पण ओवीताई, आणखी एक बघा. आपल्या प्रतोदामागे राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा उभा आहे, 1985 पासून. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत व्हिप मोडणाऱ्याचं पद जात नाही. तो माणूस मतं मोजतो, मनधरणी करतो, फार तर धाक दाखवतो. म्हणजे 'प्रश्न बंद करणं' हा ब्राझीलचा शब्दही अमेरिकन व्हिपपेक्षा जड होईल. पुस्तिकेत व्हिप हे माणसाचं पद म्हणून आलंय की आदेश म्हणून?

ओवी_डिचोली

माणसाचं पद म्हणून, 'मेजॉरिटी व्हिप'. तुमच्या प्रश्नानं डोळे उघडले. दोन्ही ठिकाणी मी आदेशाचा शब्द शोधत बसले होते, आणि वाक्यात आदेश नाहीच. आता दोन्ही आवृत्त्यांत 'व्हिप' तसाच ठेवून पहिल्या उल्लेखात लिहिते: पक्षाची मतं गोळा करण्याची जबाबदारी असलेला नेता.

खाचरातला_बगळा

मला पोर्तुगीजमधलं अजून ऐकायचंय. पैशांच्या शब्दांचं सांगा कोणी. तिथेही काळा पैसा असेलच.

तेजूच्या_काठी

असेल काय, आहेच! 'स्लश फंड'ला, म्हणजे हिशेबाबाहेर ठेवलेल्या गुप्त पैशाला, पोर्तुगालमध्ये 'साकु अझुल' म्हणतात, निळी पिशवी.

कँपिनासकर

ब्राझीलमध्ये 'काइशा दोइस', दोन नंबरचा गल्ला. आपला 'दोन नंबरचा पैसा' आठवला ना? ब्राझीलचा वाचक निळ्या पिशवीनं गोंधळेल. एक भाषा, पण गल्ले दोन.

निळी_शाई

नुसता देखावा, म्हणजे 'विंडो ड्रेसिंग', याला काय?

जुनी_पणजी

'पारा इंग्लेश व्हेर'. इंग्रजांनी बघावं म्हणून. लिसेवांत आमचे मास्तर वह्या तपासायच्या दिवशी म्हणायचे, हे सगळं पारा इंग्लेश व्हेर आहे!

कँपिनासकर

काका, ब्राझीलमध्ये त्याची गोष्ट सांगतात ती 1831ची. इंग्लंडच्या दबावाखाली 7 नोव्हेंबर 1831 रोजी गुलामांच्या आयातीवर बंदीचा कायदा झाला, पण जहाजं येतच राहिली. खरा चाप बसला तो 1850च्या कायद्यानं. मधली एकोणीस वर्षं कायदा होता तो इंग्रजांना दाखवायला. म्हणीच्या उगमाबद्दल दुसऱ्याही गोष्टी सांगतात, पण ही सगळ्यात प्रसिद्ध.

हा वाक्प्रचार मी एकदा भाषांतरात घातला होता. नंतर लक्षात आलं की मूळ भाषण लंडनच्या संसदेतल्या एका खासदाराचं होतं. इंग्रज माणूस म्हणतोय, हे फक्त इंग्रजांना दाखवायला आहे! छपाईच्या आधी बदललं. तेव्हापासून घरचा वाक्प्रचार वापरण्याआधी मी बघतो, की हे बोलतंय कोण.

जुना_अग्रलेख

मी कासवाबद्दल विचारलं होतं ते हेच. लेखक समजावून सांगत असेल तर घरचा शब्द चालेल. पात्र बोलत असेल तर त्याच्या तोंडी कासव घालायचं नाही.

बैलगाडी_ते_बोईंग

'एलिफंट इन द रूम', म्हणजे सगळ्यांना दिसणारी पण कोणी न बोलणारी अडचण, हे कसं करतात? खोलीतला हत्ती?

कँपिनासकर

हत्ती शब्दशः चालतो. पण एक खड्डा आहे, त्यात पडू नका. ब्राझीलमध्ये 'खोलीतला बोकड'ही आहे आणि त्याचा अर्थ पूर्ण वेगळा. एक माणूस घरात जागा नाही म्हणून रडत असतो. त्याला सल्ला मिळतो, बोकड आणून खोलीत बांध. आठवडाभर वास, घाण, भांडणं. मग सांगतात, आता बोकड बाहेर काढ. घर तेवढंच, पण माणूस खूश. सरकार विधेयकात मुद्दाम एक भयंकर कलम घालतं, आरडाओरडा होतो, मग ते मागे घेतं, आणि विरोधकांना वाटतं आपण जिंकलो. याला बोकड खोलीतून काढणं म्हणतात.

मिरजमळा

घरभाडं वाढवताना आमच्या मालकांनी हेच केलं. चार हजार मागितले, दीड हजारावर 'तुमच्यासाठी' उतरले. बोकड होता तर!

खाचरातला_बगळा

कासव, बोकड, लंगडं बदक, घुबड. संसद आहे की राणीची बाग?

ओवी_डिचोली

:) धागा इतका पुढे जाईल असं वाटलं नव्हतं. आज बसून काय ठरवलं ते लिहिते.

विजयासाठी दोन्हीकडे 'एज्मागादोरा'. दरड कायमची गेली.

दलदलीची घोषणा आहे, म्हणून जुना_अग्रलेख काकांचं ऐकून चित्र ठेवलं. पण पोर्तुगालच्या आवृत्तीत ती अवतरणचिन्हांत आहे, कोणाची घोषणा ते आधी येतं, आणि लगेच 'राजधानीतला भ्रष्टाचार साफ करण्याचं आश्वासन' असं वाक्यातच बांधलं. गुतेरेश आठवले तरी वाचक तिथे रेंगाळणार नाही.

व्हिपचं वर लिहिलंच आहे. 'देनुन्सियांत' ठेवला आहे, जुनी_पणजी काकांची क्षमा मागून. पुढे एक पूर्ण वाक्य स्पष्टीकरणाचं घातलं आहे. ते लिहिताना तुमच्या आई डोळ्यांसमोर होत्या.

'रायडर' ब्राझीलमध्ये जाबुती. पुस्तिकेचा लेखक तिथे स्वतः समजावून सांगतो आहे, कोणाचं भाषण नाही, त्यामुळे कासव चढू शकतं.

अडलं आहे ते पोर्तुगालच्या रायडरपाशी. लिस्बनच्या वाचकाला जाबुती राजकारणात माहीत नाही. 'विधेयकाला जोडलेलं असंबद्ध कलम' असं लिहून ठेवलं आहे, पण मेलेलं वाटतं. @तेजूच्या_काठी, ताई, काही आहे का हो?

तेजूच्या_काठी

आहे, आणि तुला हसू येईल. 'काव्हालेइरु ओर्सामेन्ताल'. अर्थसंकल्पीय घोडेस्वार! अर्थसंकल्पाच्या कायद्यात अर्थसंकल्पाशी संबंध नसलेलं कलम घुसवलं की इथले कायद्याचे अभ्यासक त्याला घोडेस्वार म्हणतात. फ्रेंचमध्येही तसाच शब्द आहे. अट एवढीच, की तो फक्त अर्थसंकल्पापुरता आहे, इतर विधेयकांना लावू नकोस.

ओवी_डिचोली

हाइड दुरुस्ती खर्चाच्याच विधेयकाला जोडतात. बसतोय, ताई! इतके दिवस 'रायडर'चं घोडेस्वार करणं म्हणजे नवशिक्याची चूक समजून मी तिकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

जुना_अग्रलेख

लालफितीचा विजय असो.

कँपिनासकर

काका, अर्धा! ब्राझीलमध्ये कासवच आहे.

जुनी_पणजी

ओवी बाय, पुस्तिका छापून आली की पोर्तुगालची प्रत मला पाठव. डोळे अधू झालेत, नात वाचून दाखवेल. तिला 'काव्हालेइरु'चा उच्चार मीच शिकवीन.